पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी बाहेरून कुणी जोडलं जात नाही: आधी पत्ता तुमचा आहे का ते बघा

प्रश्न असा आहे. सांगलीतल्या एका गृहस्थांच्या आठवीतल्या मुलाने जुन्या विंडोज लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा केलाय. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यात मस्त खेळता येतं. वर्गातल्या चार मित्रांना मात्र आपापल्या घरून जोडता येत नाही. बराच वेळ फिरत राहतं आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. वडिलांनी एक व्हिडिओ बघून राउटरवर २५५६५ हे पोर्ट लॅपटॉपकडे, म्हणजे १९२.१६८.०.१०५ कडे, फॉरवर्ड केलं आणि राउटर दोनदा बंद-चालू केला. पोर्ट तपासणारी वेबसाइट 'क्लोज्ड' म्हणते. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १९२.१६८.१.४ दिसतो, तोच मित्रांना दिलाय. घरात फायबर कंपनीने लावलेला पांढरा डबा आहे आणि त्याच्यापुढे स्वतः विकत आणलेला राउटर. शेवटी त्यांनी विचारलंय, "माझं नक्की काय चुकतंय?"

साहेब, फॉरवर्डिंगच्या पानावर तुमचं बहुधा काहीच चुकलेलं नाही. गोची तुम्हीच लिहून पाठवलीय, फक्त ती गोची आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही: १९२.१६८.१.४.

मी नाशिकला सातपूर-अंबडमधले छोटे कारखाने, दवाखाने, क्लासेस यांची नेटवर्क सांभाळतो. या धंद्यात अठरा वर्षं झाली. "पोर्ट ओपन होत नाही" म्हणून जेवढे फोन येतात, त्यांतले फार थोडे त्या एका पानावर सुटतात. बाकी सगळ्यांची गाडी पानाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे अडकलेली असते. व्हिडिओवाले मात्र तेवढं एकच पान दाखवतात, कारण तेवढंच कॅमेऱ्यात नीट येतं.

आधी पत्त्याचं बघू. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते हे खाजगी वापरासाठी १९९६ मध्येच बाजूला काढून ठेवलेत. ते कुणीही घरात वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. तुमच्या घरात १९२.१६८.१.४ आहे तसा तुमच्या मुलाच्या मित्राच्या घरातही असणार. त्याने तो टाकला की त्याचा कॉम्प्युटर तुमच्या घराकडे येतच नाही, स्वतःच्याच घरात शोधतो. तिथे कदाचित त्याच्या आईचा फोन बसलेला असेल.

आता फॉरवर्डिंग म्हणजे काय, हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. मोठी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता ठाऊक आहे, आतल्या फ्लॅटचे नंबर नाहीत. तुम्ही ३०२ मधून जेवण मागवलंत तर वॉचमन वहीत लिहून ठेवतो, 'जेवणवाला येईल, ३०२ ला सोडायचा'. म्हणून तुम्ही वेबसाइट उघडता, व्हिडिओ बघता, तेव्हा कुठलीही सेटिंग लागत नाही. मागणी आतून गेलेली असते, वहीत नोंद असते. पण कुणी न बोलावता गेटवर आला आणि म्हणाला, "मला माइनक्राफ्ट खेळायचंय," तर वॉचमनने कुठल्या फ्लॅटवर पाठवायचं? तो परतच पाठवणार. फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला दिलेली कायमची सूचना: जो कुणी २५५६५ नंबर सांगेल, त्याला १०५ मध्ये पाठव. बस, एवढंच. पोर्ट म्हणजे काही खरी खिडकी नव्हे, ० ते ६५५३५ यांतला एक आकडा, आलेल्याने गेटवर सांगायचा.

तुमच्या घरी अडचण अशी की तुम्ही सूचना दिलीय ती आतल्या वॉचमनला. तुमचा विकतचा राउटर हा आतला वॉचमन. त्याच्या बाहेर पांढरा डबा हा दुसरा वॉचमन उभा आहे आणि त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. राउटरच्या वॅन आयपीच्या जागी १९२.१६८ दिसतंय, हाच त्याचा पुरावा. तो पत्ता पांढऱ्या डब्याने तुमच्या राउटरला दिलाय. वॉचमनच्या या कामाला नॅट म्हणतात, आणि असे दोन वॉचमन एकामागे एक असले की डबल नॅट. आणि दुर्दैवाने डब्याच्याही बाहेर, कंपनीच्या ऑफिसात, तिसरा वॉचमन असू शकतो. तो असेल की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून राउटरला आज हात लावू नका, आधी एक तपासणी करा.

पांढऱ्या डब्याच्या पाठीमागे स्टिकर असतो. त्यावर त्याच्या पानाचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१) आणि युजरनेम-पासवर्ड छापलेला असतो. आत जाऊन 'स्टेटस' किंवा 'वॅन' असं लिहिलेलं पान उघडा आणि तिथला आयपी कागदावर लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा, आकडा दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि तोही लिहून घ्या. कधी तिथे आकडे-अक्षरांचा लांबलचक मिश्र पत्ता दिसतो. तो आयपीव्ही६ चा असतो. आपल्याला चार आकड्यांचा, मध्ये टिंबं असलेला आयपीव्ही४ चा हवाय.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर तुम्ही सुटलात. बाहेरचा पत्ता तुमच्या डब्यावरच आहे. ते वेगळे असतील, त्यातही डब्यावरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनीने तुम्हाला आणि तुमच्यासारख्या आणखी कितीतरी घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलंय. त्याला सीजीनॅट म्हणतात. मग तुम्ही घरात कितीही फॉरवर्ड करा, गेटवरचा माणूस तुमचा नोकर नाही.

कंपन्या असं मुद्दाम त्रास द्यायला करत नाहीत, हेही सांगतो. आयपीव्ही४ मध्ये सगळ्या जगासाठी मिळून जेमतेम ४३० कोटी पत्ते आहेत. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटून झाले आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही तळाला लागला. १००.६४ वाला टप्पा २०१२ मध्ये खास अशा वाटून घ्यायच्या व्यवस्थेसाठीच राखून ठेवला. उशिरा धंद्यात आलेल्या कंपन्यांकडे पत्तेच कमी आहेत. आपल्याकडच्या मोबाइल इंटरनेटचं तर आयपीव्ही४ वर सर्रास असंच चालतं.

समजा तुमचे दोन्ही आकडे जुळले. मग फक्त दोन वॉचमनचा प्रश्न उरतो आणि त्याला तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे पांढरा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचा. मग तो नुसता वायरीचा जोड होतो आणि बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरवर येतो. तांत्रिकदृष्ट्या हे सगळ्यांत स्वच्छ. पण त्यासाठी कंपनीचा माणूस तयार हवा, जोडणीचा युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये टाकावा लागतो, आणि उद्या काही बंद पडलं की तेच म्हणणार, "तुमच्या राउटरचा प्रॉब्लेम आहे." दुसरी वाट: दोन्हीकडे सूचना द्यायच्या. पांढऱ्या डब्यावर २५५६५ हे १९२.१६८.१.४ कडे, म्हणजे तुमच्या राउटरकडे, आणि राउटरवर तुम्ही आधीच केलंय ते लॅपटॉपकडे. तिसरी: तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा. मग तो फक्त वायफाय देतो, वॉचमनगिरी एकटा पांढरा डबा करतो, आणि फॉरवर्डिंगही तिथेच करायचं. यात लॅपटॉपचा पत्ता बदलून १९२.१६८.१ ने सुरू होणारा होईल, एवढं लक्षात ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर दुसरी वाट धरली असती. चाललेलं काही मोडत नाही आणि कुणाला फोन करायला लागत नाही. अट एकच, पांढऱ्या डब्याचा पासवर्ड चालला पाहिजे. काही कंपन्या स्टिकरवर छापतात तो पासवर्ड अर्धवट अधिकारांचा असतो, आत फॉरवर्डिंगचं पानच दिसत नाही. तसं असेल तर कस्टमर केअरला (ते पांढऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात) गोल गोल न बोलता थेट सांगा, "माझ्या ओएनटीवर टीसीपी २५५६५ हे १९२.१६८.१.४ ला फॉरवर्ड करून द्या." असं नेमकं बोललं की काम पटकन होतं, असा माझा अनुभव आहे. नाहीतर ते आधी स्पीड टेस्ट करायला लावतात.

आता मांडणी क्रमाने. यात नवखे ज्या पायरीवर सर्वाधिक घसरतात ती पहिलीच आहे, लॅपटॉपचा पत्ता पक्का करणं. राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते उधार देतो, कायमचे नाही. आज १०५ असलेला लॅपटॉप लाईट जाऊन आल्यावर १०८ होऊ शकतो, आणि १०५ मिळतो टीव्हीला. मग माइनक्राफ्टचे पाहुणे टीव्हीचं दार ठोठावत बसतात. 'काल चालत होतं, आज नाही' या जातीच्या तक्रारी बहुतेक इथल्याच. त्यासाठी राउटरवर डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे लॅपटॉप निवडायचा आणि त्याला १०५ कायमचा बांधून टाकायचा. राउटर लॅपटॉपला ओळखतो तो त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्कच्या भागाच्या ओळख क्रमांकावरून. विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर ओळखच बदलते आणि बांधलेलं सुटतं. शक्य असेल तर लॅपटॉप सरळ केबलने जोडा. गेमलाही बरं. फक्त केबलच्या पोर्टचा मॅक ॲड्रेस वेगळा असतो, तेव्हा रिझर्व्हेशन त्याचं करा, वायफायचं नव्हे.

दुसरी पायरी म्हणजे तुमचं ते प्रसिद्ध पान. कुठे त्याला 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणतात, कुठे 'व्हर्च्युअल सर्व्हर', कुठे ते 'नॅट' नावाच्या मेनूखाली दडलेलं असतं. भरायच्या गोष्टी पाचच: काहीतरी नाव, बाहेरचं पोर्ट २५५६५, आतला पत्ता, आतलं पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल (निरोप पाठवायची पद्धत) टीसीपी. मुलाचा सर्व्हर कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीचा असेल तर हे आकडे बरोबर. मित्र मोबाइलवरून खेळणार असतील तर ती बेडरॉक आवृत्ती. तिचं पोर्ट १९१३२ आणि प्रोटोकॉल यूडीपी. शिवाय जावाच्या सर्व्हरला बेडरॉकवाले सरळ जोडले जात नाहीत. हे एकदा मुलाला विचारून घ्या. कधीकधी सगळं नेटवर्क बरोबर असतं आणि चारातले तीन मित्र मोबाइलवाले निघतात. तिथे राउटर काय करणार?

एक रकाना काही राउटरवर जास्तीचा असतो, 'सोर्स आयपी' किंवा 'रिमोट होस्ट'. तो रिकामा ठेवा. लोक तिथे काहीतरी भरायलाच हवं असं समजून स्वतःचा पत्ता टाकतात, मग बाकी सगळ्यांना दार बंद.

तिसरी, विंडोजची फायरवॉल. तुमच्या घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालतंय म्हणजे ही बहुधा ठीक आहे. तरी एक खाच सांगून ठेवतो. सर्व्हर पहिल्यांदा चालू करताना विंडोज विचारतं, याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का? त्या वेळी पोरांनी घाईत 'कॅन्सल' दाबलं, तर विंडोज गुपचूप मनाईचा नियम लिहून ठेवतं. पुढे तुम्ही पोर्ट उघडायचा नियम केलात तरी मनाईचा नियम वरचढ ठरतो. मग इनबाउंड रूल्सच्या यादीत जाऊन जावाच्या नावाचे (ते 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' असंही दिसतं) लाल गोल चिन्हवाले नियम शोधून उडवायचे. हे मला कळायला पहिल्या खेपेला अख्खी दुपार गेली होती.

चौथी पायरी तपासणीची, आणि इथे धीर धरा. पोर्ट तपासणारी साइट 'ओपन' तेव्हाच म्हणते जेव्हा आत कुणीतरी उत्तर द्यायला बसलेलं असतं. मुलगा शाळेत, सर्व्हर बंद, आणि तुम्ही दुपारी तपासताय, तर ती 'क्लोज्ड'च म्हणणार. आधी सर्व्हर चालू करा, मग तपासा. ही साइट टीसीपीच तपासते. बेडरॉकचं यूडीपी असं तपासता येत नाही, तिथे खरा मित्रच लागतो.

दुसरं म्हणजे घरात बसून बाहेरचा पत्ता टाकून बघू नका. आतून निघून गेटवर जाऊन परत आत येणं काही राउटरना जमतं, काहींना नाही. गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये मी रात्री नऊपासून अकरापर्यंत याच खोड्यात सेटिंग बदलत बसलो होतो. शेवटी कंटाळून खाली चहाच्या टपरीवर आलो, सहज मोबाइलवरून उघडून पाहिलं, तर सगळं केव्हाच चालू होतं. तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेलो की पहिल्यांदा फोनचं वायफाय बंद करतो आणि मोबाइल डेटावरून तपासतो. तुमच्या मुलाने स्वतः घरातून खेळताना मात्र आतलाच पत्ता, १९२.१६८.०.१०५, वापरावा. त्याला बाहेरून फिरून यायचं कारण नाही.

आणि मित्राला काय दिसतं ते त्याला अक्षरशः वाचून दाखवायला सांगा. 'चालत नाही' हे पुरेसं नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं तर खुश व्हा, म्हणजे निरोप कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचला आणि तिथून नकार आला. बहुतेक वेळा सर्व्हर बंद असतो नाहीतर पोर्ट दुसरंच असतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे निरोपाला काही उत्तरच आलं नाही. तो वाटेत हरवला, कुठल्यातरी वॉचमनने गिळला किंवा विंडोजच्या फायरवॉलने मौन पाळलं. तुमच्या पोरांना 'टाइम्ड आउट' दिसतंय, आणि का दिसतंय ते वर आलंच आहे.

म्हणजे इथवरचं असं: बाहेरचा पत्ता खरोखर तुमच्या डब्यावर आहे का, वाटेत किती वॉचमन आहेत, लॅपटॉपचा पत्ता बांधलाय का, नियम, फायरवॉल, आणि तपासणी बाहेरून. याच क्रमाने. उलट्या क्रमाने गेलात तर कुठली सेटिंग कशामुळे लागू पडली हे कधीच कळत नाही.

सगळं चालू झालं की मित्रांना कुठला पत्ता द्यायचा? पांढऱ्या डब्याच्या स्टेटस पानावरचा, बाहेरचा. पण तोही साधारणपणे डबा बंद-चालू झाला की बदलू शकतो. दर वेळी नवा आकडा कळवण्यापेक्षा डायनॅमिक डीएनएस घ्या. डकडीएनएस, नो-आयपी यांसारख्या सेवा फुकटात एक नाव देतात आणि पत्ता बदलला की नावामागचा आकडा बदलतात. राउटरमध्येच त्याची सोय असते, पण तुमच्या घरात राउटरला बाहेरचा पत्ता दिसतच नाही. काही राउटर अशा वेळी १९२.१६८ वालाच आकडा कळवून मोकळे होतात. लॅपटॉपवर त्या सेवेचा छोटा प्रोग्रॅम टाकलात तर हा घोळ होत नाही. नो-आयपीच्या फुकट खात्यात नाव चालू ठेवण्यासाठी दर ३० दिवसांनी एक होकार द्यावा लागतो. ते विसरलं की पोरांचा मोर्चा तुमच्याकडे.

आता दुसरी बाजू, कारण प्रश्नात तुम्ही सुरक्षेबद्दल अक्षरही विचारलेलं नाही. दार उघडलं की ते चार मित्रांनाच दिसतं असं नाही. इंटरनेटवरचे सगळे आयपीव्ही४ पत्ते दिवसरात्र चाचपून बघणारी यंत्रं आहेत. तुमचं पोर्ट उघडल्यावर पहिला अनोळखी पाहुणा यायला फार वेळ लागत नाही.

यात मी स्वतः पोळलोय. २०२० च्या पहिल्या लॉकडाउनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंट बाईंना घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करायचं होतं. मी घाईत रिमोट डेस्कटॉप उघडून दिला. ३३८९ हे त्याचं ठरलेलं पोर्ट सगळ्यांना माहीत असतं, म्हणून शहाणपणा करून बाहेरचं पोर्ट ३३९० ठेवलं आणि निर्धास्त झालो. दोन महिन्यांनी एका सोमवारी त्यांचा फोन आला, "फाइली उघडत नाहीत, नावापुढे काहीतरी विचित्र लागलंय." जाऊन इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांग. ४६२५ म्हणजे लॉगिन करायचा फसलेला प्रयत्न. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, युजर, अकाउंट्स, एकामागून एक, एकेका मिनिटात कित्येक. आणि शनिवारी पहाटे ती रांग अचानक थांबलेली. पासवर्ड सापडला होता. बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, तोही गेला. बाईंच्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवर अकरा दिवसांपूर्वीची प्रत निघाली म्हणून आम्ही वाचलो. दरवाज्याचा नंबर बदलल्याने चोर चुकत नाही, हे मला त्या दिवशी पटलं. तेव्हापासून रिमोट डेस्कटॉप, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि राउटरचं स्वतःचं पान या तीन गोष्टी मी कुणाच्याही घरी-ऑफिसात थेट बाहेर उघडत नाही. मागितल्या तरी नाही.

डीव्हीआरचं का, तर २०१६ चा मिराय हा घातक प्रोग्रॅम आठवा. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर त्याने लाखांनी काबीज केले. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच उपकरणांच्या माऱ्याने डाइन (Dyn) ही डीएनएस कंपनी, म्हणजे वेबसाइटच्या नावामागचा आकडी पत्ता सांगणारी, आडवी झाली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास बंद पडले. तुमच्या मुलाला सांगायला एक गंमत: मिराय लिहिणाऱ्या तरुणांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि त्यांच्या उद्योगाचं मूळ होतं माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या चढाओढीत.

माइनक्राफ्टचा सर्व्हर त्या मानाने कमी धोक्याचा, पण निर्धोक नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या घटकात असं भोक सापडलं की गेमच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली तरी सर्व्हरवर परक्याचा प्रोग्रॅम चालवता यायचा. माइनक्राफ्टच्या १.१८.१ या आवृत्तीत ते बुजवलं. तेव्हा मुलाला कुठल्यातरी मॉडसाठी जुनी आवृत्ती हवी असेल, तर तिचा पॅच लावलाय का ते आधी बघा. सर्व्हरच्या प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये व्हाइटलिस्ट चालू करून चौघांचीच नावं टाका आणि 'ऑनलाइन मोड' चालूच ठेवा. तो बंद केला तर कुणीही तुमच्या मुलाचंच नाव लावून आत येऊ शकतो. त्या लॅपटॉपवर तुमचं बँकेचं, आयकराचं काही ठेवू नका. सर्व्हरसाठी विंडोजचं साधं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं करा. परीक्षा जवळ आल्या, खेळ थांबला, की नियम पुसून टाका. राउटरवरचं यूपीएनपी बंद ठेवा. त्याने घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता वॉचमनला सूचना देऊ शकतं.

कुणी तुम्हाला 'डीएमझेडमध्ये लॅपटॉप टाका, सगळं चालेल' म्हणेल. चालेल खरं, पण त्याचा अर्थ गेटवर आलेल्या प्रत्येकाला १०५ मध्ये सोड. लॅपटॉपसाठी नकोच. पांढऱ्या डब्यावर डीएमझेड म्हणून तुमच्या राउटरचा पत्ता देणं मात्र मला चालतं, कारण आत दुसरा वॉचमन जागा असतो. दुसऱ्या वाटेवर डब्याचं फॉरवर्डिंगचं पान दगा देत असेल तर हा पर्याय वापरा.

उरली शक्यता म्हणजे आकडे जुळलेच नाहीत, सीजीनॅट निघालं. मग फॉरवर्डिंगचा नाद सोडा, किंवा कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता, मागा. पैसे कंपनीगणिक वेगळे, काही फक्त व्यावसायिक प्लॅनवर देतात. एका आठवीतल्या मुलाच्या खेळासाठी मी तो खर्च करणार नाही. आयपीव्ही६ ची वाट आहे, तिथे नॅटच नसतं. पण राउटरच्या फायरवॉलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते आणि चारही मित्रांकडे आयपीव्ही६ लागतं. एकाकडे नसलं की तो बाहेर.

अशा घरांत मी टेलस्केल किंवा झिरोटायर सुचवतो. दोन्ही ठिकाणी छोटा प्रोग्रॅम टाकायचा, मग सगळी यंत्रं आपसांत एका खाजगी जाळ्यात येतात. दोन्ही बाजूंनी मागणी आतून बाहेर जाते, त्यामुळे वॉचमनची कटकटच नाही आणि बाहेर कुठलंही दार उघडं राहत नाही. खरं सांगायचं तर आकडे जुळले तरी मी आधी हेच करून बघेन. फक्त टेलस्केल टाकल्यावर लॅपटॉपवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो टेलस्केलने दिलेला असतो, त्यावरून सीजीनॅट आहे असा निष्कर्ष काढू नका. तपासायचा आकडा डब्याच्या पानावरचाच. मित्रांच्या आईवडिलांना आपल्या कॉम्प्युटरवर असं काही टाकू द्यायचं नसेल, तर अॅटर्नोससारखी फुकट सेवा आहे. सर्व्हर त्यांच्याकडे चालतो, तुमच्या घराचा संबंधच येत नाही. वेग बेताचा आणि कधी रांगेत थांबावं लागतं, पण पाच पोरांना पुरतं.

तुम्ही आज संध्याकाळी तो पांढरा डबा उघडून वॅन आयपीचे पहिले दोन आकडे तेवढे इथे लिहा. शेवटचे दोन लिहू नका, ते चारचौघांत सांगायचे नसतात. आणि मित्र मोबाइलवरून खेळतात की कॉम्प्युटरवरून, तेही विचारून ठेवा.